विजेची लेक

हल्ली कविसंमेलनात एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'कृत्रिम बुद्धिमत्ता कविता करू लागली, आता तुम्हां कवींचं काय?' मी हसून वेळ मारून नेतो. कवीचं पोट कवितेवर कधी चालतच नव्हतं, तेव्हा ते जाण्याची भीतीही नाही. पण त्या प्रश्नानं माझ्या डोक्यात दुसराच एक प्रश्न सोडून दिला. आमचं राहू द्या, या नव्या बुद्धीचं पोट कशावर चालतं?

उत्तर एका शब्दाचं आहे. विजेवर.

मी काही इंजिनिअर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. त्यामुळं या विषयाकडं मी इतिहासाच्या वाटेनं जाणार आहे. त्या वाटेवर एक गंमत सापडते. आपल्याला वाटतं, वीज जुनी आणि ही बुद्धी आत्ता कुठून तरी आली आणि विजेच्या तारेला चिकटली. तसं नाही. ही बुद्धी विजेच्याच घरात जन्मली. विजेच्या अडचणीतून जन्मली. ती विजेची लेक आहे. आता ती मोठी होऊन माहेरी आली आहे. येताना तिनं थोडं काही आणलंही आहे, पण मागण्यांची यादी लांबलचक आहे.

आधी आईचा स्वभाव पाहू. ज्वारी कणगीत भरून ठेवता येते, पाणी रांजणात भरता येतं. विजेचं तसं नाही. बॅटऱ्या आल्या, पण एखाद्या राज्याला पुरेल एवढी वीज साठवून ठेवणं आजही सोपं नाही. तुम्ही घरात बटण दाबता, त्याच क्षणी दूर कुठल्या तरी जनित्राला तेवढा जास्त जोर लावावा लागतो. आपल्या देशाची वीज सेकंदाला ५० आवर्तनांच्या लयीत चालते. मागणी वाढली आणि पुरवठा मागं राहिला, की ही लय मंदावते. मागणी एकदम घटली, की लय चढते. कवीला हे समजायला वेळ लागत नाही. वृत्तात एक मात्रा कमी पडली की ओळ अडखळते आणि एक जास्त झाली तरी अडखळते. फरक इतकाच, की कवीची ओळ अडखळली तर चार रसिक नाक मुरडतात, विजेची लय मोडली तर चार राज्यं अंधारात जातात.

एडिसननं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू केलं ते ४ सप्टेंबर १८८२ रोजी. तेव्हापासून या धंद्यापुढं एकच प्रश्न उभा आहे. पुढच्या तासाला किती वीज लागणार? एडिसनचा चिटणीस होता सॅम्युएल इन्सल. इंग्लंडहून आलेला हा हुशार तरुण १८९२ साली शिकागोच्या वीज कंपनीचा प्रमुख झाला. त्याच्या लक्षात आलं, की दिवे संध्याकाळी लागतात आणि दिवसभर महागडी यंत्रं रिकामी बसतात. मग त्यानं दिवसा चालणाऱ्या ट्रामगाड्यांना आणि कारखान्यांना स्वस्तात वीज देऊ केली. गिऱ्हाईक कोण, यावर विजेचं जाळं कसं विणायचं हे ठरतं, हा धडा त्यानं घालून दिला. हा धडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

वीज कंपन्या दिवसभराच्या मागणीचा एक आलेख काढतात. मला तो आलेख म्हणजे समाजाची रोजनिशी वाटते. सकाळी पाणी तापतं, त्याची चढण. दुपारची वामकुक्षी, त्याचा उतार. संध्याकाळी दिवे लागतात, तो डोंगर. रमजानच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात पहाटे सेहरीला घराघरांत दिवे लागतात. दिवाळीत हिंदू शेजाऱ्यांच्या आकाशकंदिलांचा उजेड त्याच तारेतून येतो. तार दोघांचा हिशेब एकाच वहीत मांडते. ही वही आधी वाचता येणं, म्हणजे उद्याचं पान आजच ओळखणं, हे वीज खात्यातल्या माणसांचं खरं कसब.

आता लेकीच्या जन्माकडं येऊ. १९२० च्या दशकात अमेरिकेत एका शहराचं वीजकेंद्र दुसऱ्या शहराशी लांब तारांनी जोडलं जाऊ लागलं. जोडणीचा फायदा मोठा, पण धोकाही नवा. कुठं वीज कोसळली किंवा तार तुटली, तर शेकडो मैलांवरची जनित्रं एका लयीत राहतील की एकमेकांना खेचत सगळीच बंद पडतील? याची गणितं इतकी किचकट होती, की हातानं करता करता माणसं महिनोन्‌महिने थकून जात.

मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, इथं व्हॅनेव्हर बुश नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि हॅरॉल्ड हेझन वगैरे त्यांच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, की माणसाला झेपत नाही ते गणित यंत्राला करायला लावायचं. १९२९ साली तिथं वीजजाळ्याची एक छोटी प्रतिकृतीच उभी राहिली. खऱ्या तारा, खरी केंद्रं यांच्या जागी छोटे विद्युत घटक. प्रतिकृतीत बिघाड करून पाहायचा आणि खऱ्या जाळ्यात काय होईल ते मोजून घ्यायचं. त्याच प्रयत्नांच्या ओघात १९३१ साली बुश यांचं 'डिफरन्शियल ॲनलायझर' तयार झालं. एक अख्खी खोली व्यापणारं हे यंत्र. लोखंडी दांडे, दाते, फिरणाऱ्या तबकड्या. एखाद्या गिरणीसारखं ते धडधडायचं आणि शेवटी कागदावर एक वक्ररेषा काढून द्यायचं. ती रेषा म्हणजे उत्तर. पीठ दळायचं नाही, गणित दळायचं, एवढाच फरक.

१९३६ साली या यंत्राच्या देखभालीला एक वीस वर्षांचा मुलगा आला. क्लॉड शॅनन त्याचं नाव. यंत्राचे दाते आणि दांडे चालवण्यासाठी शंभरावर रिले बसवलेले होते. रिले म्हणजे विजेनं चालणारी कडी. वीज आली की कडी लागते, गेली की सुटते. शॅननला कॉलेजात जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाचं तर्कशास्त्र शिकवलेलं होतं. बूलनं १८५४ सालीच विचारांचं बीजगणित मांडलं होतं. विधान खरं असेल तर १, खोटं असेल तर ०. त्या कड्यांची उघडझाप पाहता पाहता शॅननच्या ध्यानात आलं, की लागलेली कडी म्हणजे १ आणि सुटलेली कडी म्हणजे ०. दोन कड्या एकापुढं एक ठेवल्या तर 'हे आणि ते', शेजारी शेजारी ठेवल्या तर 'हे किंवा ते'. म्हणजे तारा आणि कड्या यांच्याकडून तर्क करून घेता येतो!

१९३७ साली त्यानं हे एम. एस. च्या प्रबंधात लिहिलं, पुढच्या वर्षी ते छापून आलं. एकविसाव्या वर्षी लिहिलेला हा प्रबंध आजच्या प्रत्येक संगणकाच्या, खिशातल्या प्रत्येक मोबाइलच्या पायाशी आहे. पुढं १९५० साली शॅननंच रिलेवर चालणारा एक उंदीर केला. भूलभुलय्यात सोडला की तो आधी धडपडायचा, आणि एकदा वाट सापडली की दुसऱ्या खेपेला न चुकता जायचा. यंत्र शिकू शकतं, याचा तो पहिल्या काही नमुन्यांपैकी एक. १९५५ साली चार जणांनी एका उन्हाळी परिषदेचा प्रस्ताव लिहिला. त्यात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा इंग्रजी शब्दप्रयोग पहिल्यांदा अवतरला. जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथनियल रॉचेस्टर आणि चौथा हाच शॅनन. १९५६ साली डार्टमथ कॉलेजात ती परिषद झाली आणि या विद्येचं बारसं झालं. विजेच्या तारांची गणितं सोडवायला यंत्र केलं, त्या यंत्राच्या देखभालीला आलेल्या मुलानं कड्यांमधला तर्क ओळखला, आणि तोच मुलगा पुढं बारशालाही हजर होता. एवढी सरळ वंशावळ इतिहासात क्वचित मिळते.

लेकीनं आईचे पांग फेडायला लवकरच सुरुवात केली. १९५० च्या दशकातच वीजजाळ्याची गणितं अंकीय संगणकावर होऊ लागली. मग ९ नोव्हेंबर १९६५ ची संध्याकाळ आली. कॅनडातल्या एका जलविद्युत केंद्रात एक रिले चुकीच्या वेळी सुटला आणि काही मिनिटांत न्यूयॉर्कसह ईशान्य अमेरिका आणि कॅनडाचा काही भाग मिळून सुमारे तीन कोटी माणसं अंधारात गेली. त्यानंतर नियंत्रण कक्षांत संगणक बसवण्याचा वेग वाढला. १९७० साली एमआयटीच्याच फ्रेड श्वेप्पे यांनी एक पद्धत मांडली. जाळ्यातले सगळेच मीटर थोडेफार चुकतात. त्या चुकणाऱ्या आकड्यांतून खरी अवस्था कशी ओळखायची, याची ती रीत. नाडी पाहणारा जुना वैद्य जसं चार खुणांवरून दुखणं ओळखतो, तसंच काहीसं. आज जगातल्या मोठ्या नियंत्रण कक्षांत ही रीत चालते.

१९९१ साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी कृत्रिम मज्जाजाळं वापरून विजेच्या मागणीचं भाकीत करून दाखवलं. हवामान किती, काल याच वेळी किती वीज लागली होती, हे आकडे यंत्राला शिकवायचे आणि उद्याचा आकडा विचारायचा. आज ज्याला आपण एआय म्हणतो त्याच कुळीतली ही पद्धत, मोबाइलवर गप्पा मारणारी यंत्रं येण्याच्या तीस वर्षं आधी, वीज खात्याच्या नोकरीत रुजू झाली होती. २०१६ मध्ये गुगलच्या डीपमाइंडनं डेटा सेंटर थंड ठेवायला लागणारी वीज यंत्राच्या सल्ल्यानं ४० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये त्यांनीच पवनचक्क्यांची वीज ३६ तास आधी सांगण्याचा प्रयोग मांडला. वारा लहरी, ऊनही लहरी. पवन आणि सौर ऊर्जा जसजशी वाढते तसतशी अशा भाकिताची गरज वाढते. हे लेकीनं आणलेलं खरं देणं आहे, आणि ते नाकारणं कृतघ्नपणा होईल.

पण भरवसा ठेवला की भरवशाचाही धोका येतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणक प्रणाली गुपचूप बंद पडली. तारा तापून खाली ओघळत होत्या, झाडांना टेकत होत्या, एकामागून एक बंद पडत होत्या. पडद्यावर मात्र सगळं शांत. तासाभराहून अधिक काळ माणसांना कळलंच नाही. शेवटी अमेरिका आणि कॅनडातली मिळून पाच कोटी माणसं अंधारात गेली. डोळे दुसऱ्याला दिले, की त्यानं झोपू नये याची काळजी आपणच घ्यावी लागते.

यंत्राच्या भाकिताची दुसरी मर्यादा आपण आपल्याच देशात पाहिली. ५ एप्रिल २०२० हा दिवस आठवा. टाळेबंदी होती. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावा, असं आवाहन पंतप्रधानांनी दोन दिवस आधी केलं होतं. वीजजाळं सांभाळणाऱ्यांनी हिशेब मांडला, की मागणी साधारण १२ ते १३ हजार मेगावॅटनं घटेल. प्रत्यक्षात घटली सुमारे ३१ हजार मेगावॅटनं. लोकांनी दिव्यांबरोबर बाकीचंही बरंच काही बंद केलं. तरी देशाची लय तुटली नाही. कारण अभियंत्यांनी जलविद्युत केंद्रं हाताशी तयार ठेवली होती. मागणी घसरत होती तशी त्यांनी पाण्याची वीज झरझर खाली आणली, आणि दिवे लागू लागले तशी वर नेली. यंत्र मागच्या दिवसांवरून शिकतं. ज्या दिवसाला मागचा दिवसच नाही, त्याचं भाकीत ते कसं करणार? तिथं माणसानं बाळगलेली सावधगिरीच उपयोगी पडली.

याच्या चार वर्षांनंतरची एक घटना याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याचा उत्तर भाग म्हणजे डेटा सेंटरची जगातली सर्वांत मोठी वसाहत. डेटा सेंटर म्हणजे संगणकांची गोदामं. आपली छायाचित्रं, बँकेचे व्यवहार, आणि आता ही कृत्रिम बुद्धी, सगळं तिथं राहतं. १० जुलै २०२४ रोजी तिथल्या एका उच्चदाबाच्या तारेवर बिघाड झाला आणि विजेचा दाब काही वेळा हेलकावला. डेटा सेंटरच्या स्वयंचलित यंत्रणांनी तो हेलकावा ओळखला आणि आपापल्या राखीव विजेवर उडी मारली. सुमारे ६० केंद्रांची मिळून १५०० मेगावॅटची मागणी बघता बघता नाहीशी झाली. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी केंद्रं मिळून जेवढी क्षमता, तिच्या तीन चतुर्थांश म्हणा. जाळ्यात वीज एकाएकी जास्त झाली, दाब चढला, तो उतरवायला नियंत्रण कक्षाला धावपळ करावी लागली. अंधार झाला नाही, पण तिथल्या तज्ज्ञांचे डोळे उघडले. आपल्याकडं कोट्यवधी माणसांनी दोन दिवस आधी सांगून दिवे मालवले होते. तिथं साठ इमारतींनी कुणाला न विचारता, न सांगता हात काढून घेतला. असं गिऱ्हाईक वीजधंद्यानं याआधी पाहिलेलं नव्हतं.

या गिऱ्हाइकाची भूक तरी किती? १९४६ साली अमेरिकेत एनिॲक नावाचा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. तो चालू केला की फिलाडेल्फिया शहराचे दिवे मंदावतात, अशी दंतकथा तेव्हा पसरली होती. ती खरी नव्हती. पण दंतकथा कधी कधी सत्याच्या आधी चालत येतात. आज एआय शिकवायला जी खास चिप वापरतात, त्यातली एनव्हिडियाची एच-१०० ही एकटी चिप जोरात चालली की ७०० वॅटपर्यंत वीज घेते. म्हणजे घरातले नऊ-दहा छताचे पंखे. आणि मोठ्या केंद्रांत अशा चिप हजारोंनी असतात. तुमचा-माझा मेंदू सुमारे २० वॅटवर चालतो. एका लहानशा दिव्याएवढ्या उजेडात माणसानं रामायण लिहिलं, शाहनामा लिहिला, ही गोष्ट मला कवी म्हणून धीर देते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं एप्रिल २०२५ च्या अहवालात मांडलेला हिशेब असा. २०२४ साली जगातल्या सगळ्या डेटा सेंटरनी मिळून सुमारे ४१ हजार ५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होऊन साडेचौऱ्याण्णव हजार कोटींच्या घरात जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. यातली सगळी वीज एआयची नाही, पण वाढीचं मोठं कारण तीच. जगाच्या हिशेबात तीन टक्के म्हणजे फार नाही, असं कुणी म्हणेल. पण पाऊस जसा सरासरीत पडत नाही, तसा हा भारही सगळीकडं सारखा पडत नाही. आयर्लंडमध्ये २०१५ साली देशाच्या मोजलेल्या वापरातला ५ टक्के वाटा डेटा सेंटरचा होता. २०२३ साली तो २१ टक्के झाला. त्या देशातल्या सगळ्या शहरी घरांनी मिळून वापरली त्याहून ती वीज जास्त होती.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं. चिप सुधारतील, कमी विजेत जास्त काम होईल, मग भूक आपोआप आटोक्यात येईल. इथं मला विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आठवतो. १८६५ साली त्यानं कोळशाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. वाफेची इंजिनं सुधारली, कमी कोळशात जास्त काम होऊ लागलं, तरी कोळसा कमी लागण्याऐवजी जास्तच लागू लागला, हे त्यानं दाखवून दिलं. वस्तू स्वस्त झाली की तिचे नवे उपयोग निघतात. गंमत अशी, की याच जेव्हन्सनं १८६९ साली पियानोसारखं दिसणारं एक तर्कयंत्र बनवून घेतलं होतं. कळा दाबल्या की ते अनुमान काढून दाखवायचं. इंधनाची भूक आणि विचार करणारं यंत्र, दोन्ही विषय दीडशे वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या टेबलावर होते. त्याला त्या दोहोंची गाठ पडताना पाहायला मिळाली नाही, आपल्याला मिळते आहे.

आता लेकीच्या मागण्यांनी आईचं घर कसं बदलतंय ते पाहा. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात १९७९ साली मोठा अपघात झाला होता. अपघात झालेली अणुभट्टी कायमची बंद झाली. शेजारची दुसरी भट्टी पुढंही अनेक वर्षं चालली आणि परवडत नाही म्हणून २०१९ साली बंद केली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये तीच भट्टी पुन्हा सुरू करण्याचं जाहीर झालं. तिची वीज वीस वर्षं विकत घेण्याचा करार मायक्रोसॉफ्टनं केला, आपल्या डेटा सेंटरसाठी. आणि जुलै २०२४ मध्ये व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनियासह तेरा राज्यांना वीज पोचवणाऱ्या जाळ्यात पुढच्या वर्षाच्या राखीव क्षमतेचा लिलाव झाला. दर रोजच्या एका मेगावॅटला सुमारे २९ डॉलरवरून सुमारे २७० डॉलरवर गेला. नऊ पटींहून जास्त. जुनी केंद्रं बंद होणं वगैरे कारणं होतीच, पण डेटा सेंटरची वाढती मागणी हे त्यातलं एक मोठं कारण. लिलावाचा तो भार शेवटी घरगुती बिलांपर्यंत पोचला. ज्या घरातल्या म्हातारीनं एआयचं नावही ऐकलं नसेल, तिच्या बिलातही.

उलटाही धोका आहे. उद्या एवढी मागणी आलीच नाही, तर तिच्यासाठी उभारलेल्या केंद्रांचे पैसे कोण भरणार? ज्या इन्सलचं नाव मी आधी घेतलं, त्याचा वीज कंपन्यांचा डोलारा १९३२ साली कोसळला आणि त्यात लाखो छोट्या गुंतवणूकदारांची पुंजी बुडाली. विजेच्या धंद्यात अंदाज चुकला की फटका दूरवर बसतो.

ही सगळी परदेशची हकिकत झाली, असं मात्र समजू नका. भारतातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी जवळजवळ निम्मी मुंबई आणि नवी मुंबईत आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, हे त्याचं एक कारण. ठाणे-बेलापूर रस्त्यानं ऐरोली, रबाळे, महापे असे जा, जिथं एके काळी रसायनांचे कारखाने होते तिथं बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतील. योगायोग पाहा, राज्यभराच्या विजेचा तोल सांभाळणारं राज्य भार प्रेषण केंद्रही ऐरोलीलाच आहे. आई आणि लेक एकाच रस्त्यावर राहायला आल्या आहेत.

नव्या गिऱ्हाइकासाठी वीज उभी करण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १९१५ साली खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी. मुंबईचा धूर कमी झाला, कामगारांना काम मिळालं, हे खरं. पण त्याच वाटेवर पुढं मुळशी लागतं. धरणासाठी खोऱ्यातली भातखाचरं बुडणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढं होते, आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना त्याच लढ्यानं दिली. लढा हरला. धरण झालं, पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला गेलं, वीज मुंबईला गेली. शंभर वर्षं झाली, पण तेव्हाचा सवाल जुना झालेला नाही. जमीन कुणाची जाते आणि उजेड कुणाकडं जातो?

आज त्याला नवं रूप आलं आहे. गेल्या वीस वर्षांत आमच्या गावाकडच्या शेतकऱ्यानं वीज पाळीनं घेतली. रात्रीची पाळी आली की बारा-एकला उठायचं, हातात बॅटरी घ्यायची, साप-किरडू चुकवत मोटर चालू करायला जायचं. भारनियमन हा शब्द आमच्या पिढीनं शब्दकोशातून नव्हे, घामातून शिकला. डेटा सेंटरला मात्र पाळी चालत नाही, त्याला चोवीस तास, एक क्षणही न थांबणारी वीज लागते. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांना वीजशुल्कात सवलतही आहे. ती देऊच नये असं मी म्हणत नाही. नवे उद्योग हवेत, आमच्या मुलांना तिथं नोकऱ्या हव्यात, आणि पहाटे मोटर चालवण्याऐवजी दिवसा सौर वीज कधी मिळेल याचा हिशेब हीच बुद्धी मांडून देणार असेल तर तीही हवी. पण रांगेत कोण पुढं आणि कोण मागं, हे गुपचूप ठरू नये.

आणि हे ठरवणं यंत्राचं काम नाही. पुढच्या तासाला किती वीज लागेल ते यंत्र सांगेल, बहुधा माणसापेक्षा चांगलं सांगेल. कमी पडली तर आधी कुणाची बंद करायची, महाग पडली तर बिल कुणाच्या नावे फाडायचं, हे प्रश्न शून्य आणि एकाचे नाहीत. ते तुमचे-माझे आहेत. आपल्याकडं वीजदराचा प्रस्ताव आला की महाराष्ट्र वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. त्या सुनावण्यांत गिरणीवाले येतात, कारखानदार येतात, त्यांचे वकील येतात. सामान्य ग्राहक थोडे असतात, शेतकरी त्याहून थोडे. कुठल्या डेटा सेंटरला किती वीज मंजूर झाली, त्यासाठी नवं उपकेंद्र कुणाच्या खर्चानं उभं राहिलं, त्यानं स्वतःची किती सौर वीज आणली, बिघाडाच्या वेळी ते जाळ्याला साथ देणार की व्हर्जिनियासारखा हात काढून घेणार, हे तिथं उभं राहून कुणीही विचारू शकतं. विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही, माझ्यासारखा बी. ए. चालतो.

लेक माहेरी आली की तिला साडी-चोळी करावी, हा आपला रिवाज आहे. ती जरूर करू. फक्त घरातल्या कुणाच्या ताटातलं काढून करतो आहोत, तेवढं आधी पाहून घेऊ. इतकं सांगून आपली रजा घेतो.